बंदुकीची जागा

४ सप्टेंबर, गुरुवार

सापडली! अनिलच्या फोनवर सापडली.

दुपारी टपरीवर चहाला गेलो, तर अनिल म्हणाला, "ओम्या, इकडं ये, तुझ्या आबांची लाडकी बघ." मला वाटलं काहीतरी अचरट दाखवतोय. पण फोटोत बंदूक होती. ठासणीची — पुढून दारू भरून गजाने ठासायची ती. लांब नळी, काळपट दस्ता, पितळी पट्ट्या. थेट आबांच्या बंदुकीसारखी!

खाली जाहिरात: "जुनी एंटीक बंदुक विकने आहे. आजोबांची निशानी. शोपीस. लायसन लागनार नाही. घरपोच." चार ओळींत किती चुका! पण विकणारा फौजी आहे. सुभेदार जाधव, मूळ गाव साताऱ्याकडचं. सीमेवर उभं राहणाऱ्या माणसाचं शुद्धलेखन कोण बघतो. मी दिवसभर भांड्यांवर नावं घालतो म्हणून मला ह्रस्व-दीर्घ टोचतं. अनिलला काहीच टोचत नाही. तो कंपनीत पॅकिंगला आहे.

खंडेनवमीला आमच्या ओटीवर पाट मांडतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, आईची विळी — सगळं घासूनपुसून, कुंकू-फूल वाहून. मी त्या दिवशी मुरबाडला दुकानात असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भांड्यांना गर्दी असते, त्यामुळे संध्याकाळ उलटल्यावरच घरी येतो आणि मांडलेला पाट बघतो. त्यात मधोमध आबा थोडी जागा मोकळी ठेवतात. बंदूक गेल्यापासून ठेवतात, मी दुकानात लागलो तेही त्याच वर्षी. निवडणुकीच्या वेळी परवानेवाल्यांच्या बंदुका पोलिसांकडे जमा झाल्या, त्यात आबांचीही गेली, ती परत आली नाही. गेल्या वर्षी आईने त्या जागेवर नारळ ठेवला, तर आबांनी उचलून बाजूला केला. "ज्याची जागा त्याला कळंल," एवढंच म्हणाले.

श्रावणात ते बांधावरून घसरले. तेव्हापासून ओटीवरच्या खाटेवर असतात. बोलणंही कमी झालंय. पुढच्या नवमीला —

ते लिहीत नाही. यंदा ती जागा भरायची. ठरलं.


५ सप्टेंबर, शुक्रवार

सुभेदारांना मेसेज केला. तीनदा वाचून मग पाठवला. लगेच उत्तर आलं — "जय हिंद". बरं वाटलं.


७ सप्टेंबर, रविवार

सुभेदारांनी स्वतःचं ओळखपत्र पाठवलं. गणवेशातला फोटोही. मी न मागता! मी म्हटलं, नळीवर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो मिळेल का? आबांच्या बंदुकीवर होता, मला आठवतंय. उत्तर आलं, "डिलेवरीनंतर बघुन घ्या."

हे मला पटलं नाही. आम्ही हंडासुद्धा वाजवून देतो.

अनिल म्हणतो, "फौजीवर शंका घेतोस? घे रे, हातची जाईल." त्याला सोपं आहे. पैसे माझे आहेत. नावं घालायची नवी मशीन घ्यायला बाजूला ठेवलेले. जुनीच्या वायरीतून ठिणगी उडते. पण मशीन पुढच्या वर्षीही मिळेल. आबा —

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आबांना इचारलंस का?" विचारलं नाही. विचारायचंच नाही. पाटावर ठेवली की त्यांना दिसेल.


८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. आई "पितरपाठ" म्हणते, मी दुरुस्त करत नाही. तिने बजावलंय — सर्वपित्री होईपर्यंत घरात नवी वस्तू नाही, नव्या वस्तूचे पैसे द्यायचे नाहीत, शब्दही द्यायचा नाही.

दुकानात शुकशुकाट. हेतलबेन — मालकीणबाई — गल्ल्यावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. मी कशाला फोनमध्ये डोळे घालून बसलोय विचारलं. सांगितलं. त्या इतक्या हसल्या की शेंगा सांडल्या.

"अरे ओमकार, बंदूक कशाला? तोफ घे ने! दुकानासमोर ठेवू. उधारीवाले पळून जातील."

मग शेंगा गोळा करता करता म्हणाल्या, "बघ हां भाई. आपण डबा पण झाकण लावून बघतो. तू तर नुसता फोटो बघतोस."


१० सप्टेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा सुभेदारांचा फोन आला. मेसेज मराठीत करतात, पण बोलले हिंदीत. म्हणाले, छावणीत सगळ्यांशी हिंदीच बोलावं लागतं, सवय झाली. गाडी परवा मुंबईकडे निघतेय, त्यात बंदूक टाकतो, पैसे आज टाका.

मी म्हणालो, "सध्या पितरपाठ आहे हो. सर्वपित्रीपर्यंत थांबा." आईचाच शब्द तोंडात आला.

"कौन सा पाठ? अरे भाई, पाठ बाद में कर लेना."

मी पुन्हा सांगितलं. पितरं, पितरं. तर म्हणाले, "हां हां, पूजा करो, पैसा डालो, फिर पूजा करो."

साताऱ्याकडचे जाधव. आजोबांची बंदूक. आणि पितरपाठ माहीत नाही?

अनिल म्हणाला, फौजेत राहून विसरले असतील. विसरतं का कुणी? अनिलला शाळेत पाढे आठवले नाहीत, पण पितरांच्या जेवणातली खीर कधी विसरला नाही.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

पोलीस स्टेशनला गेलो. फाटकापाशी दोनदा मागे वळलो. तिसऱ्यांदा तिथल्या हवालदारानेच हाक मारली, "ये हिरो, आत ये नायतर घरी जा. मधी काय नाचतोस?"

मी म्हणालो, मला बंदुकीची चौकशी करायचीय.

"कोणाला मारायचाय?"

कसंबसं सगळं सांगितलं — आबा, पाट, फोटो. हवालदार वयस्क आहेत, मिशा पांढऱ्या. त्यांनी फोन हातात घेऊन जाहिरात मोठ्याने वाचली. "लायसन लागनार नाही." मग फोन परत दिला आणि पाणी प्यायला लावलं.

म्हणाले, "शोपीस म्हंजे काय? बार सुटतो का नाय? सुटत असंल तर परवाना लागंल. सुटत नसंल, तर ही निकामी केलीय असा सरकारी कागद लागंल. विकणारा बोलतो म्हणून कायदा बदलत नाय."

मी विचारलं, पण जुनी असली तर?

"जुनी असली तरी तू आधी इचारायचं, मग हात लावायचा. परवाना आधी, बंदूक मागून. उलटं केलंस तर नवमीला तुझी पूजा आमी करू."

आणि कुरिअरने येते का, असं विचारलं तेव्हा तर ते खुर्चीतच मागे झुकले. "कुरिअरनं मिक्सर येतो रे बाबा! बंदूक येती का? माल परवानेवाल्या दुकानदाराच्या हातून जातो. त्याच्या रजिस्टरला चढतो. तुझा फौजी काय सांगतो? घरपोच!"

बाहेर आलो तर शर्ट पाठीला चिकटलेला. पण गेलो हे बरं केलं.


१३ सप्टेंबर, शनिवार

कल्याणच्या एका परवानाधारक दुकानदाराला फोन केला. नंबर हवालदारांनी दिलेला. म्हातारा माणूस, सावकाश बोलतो. मी म्हटलं, मला काही विकत घ्यायचं नाही, फक्त कळून घ्यायचंय. त्याला राग आला नाही. म्हणाला, विकणाऱ्याचा परवाना माग, परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळव. जुळला तरी वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे नाहीत, आणि बघायला गेलास तर दुकानात भेट, रस्त्यात नको. तुझा परवाना नसताना कोणी "घेऊन जा" म्हणाला, तर तिथूनच निघ. एकतर विकणारा चोर आहे, नाहीतर तू होशील.

मी विचारलं, फोटो खरा आहे की नाही हे कसं ओळखायचं?

"फोटो खराच असतो," तो म्हणाला. "बंदूक त्याची नसते."


१४ सप्टेंबर, रविवार

सुभेदारांना परवान्याचा फोटो मागितला. अगदी नम्रपणे लिहिलं — "कृपया", "आपला विश्वासू" वगैरे.

उत्तर: "देश के जवान पे शक करते हो? शर्म करो."

मला खरंच शरम वाटली. जेवण गेलं नाही. माफी मागणारा मेसेज लिहिला. आईने वरण वाढता वाढता माझ्या खांद्यावरून बघितलं. तिला वाचता येतं, चष्मा नसला तरी येतं. म्हणाली, "कागद मागितला तर एवढा भडकायला काय झालं? रेशनवाला माझ्याकडं दरवेळी मागतो. मी भडकते का?"

माफी पुसून टाकली.


१६ सप्टेंबर, मंगळवार

आज वाचलो.

सकाळी सुभेदारांचा सूर एकदम गोड. पुण्याचा एक संग्राहक तयार आहे, पण "तुमच्या आजोबांसाठी" त्यांनी थांबवून ठेवलंय. फक्त टोकन द्यायचं. तेही लगेच परत येईल. फौजेचं खातं आहे, ते उलटं चालतं — मी स्कॅन केलं की पैसे माझ्याकडे येतात. असं तपासून झालं की व्यवहार पक्का. क्यूआर कोडच्या चौकटीचं चित्र पाठवलं. फोनवर थांबूनच होते. "दबाओ भाई, दबाओ."

आजोबांसाठी म्हणाले ना, तिथे मी विरघळलो. स्कॅन केलं. आकडा आपोआप आला. खाली निळं बटण.

मला इंग्रजी सलग वाचता येत नाही. दहावी राहिली ती राहिलीच. एकेक अक्षर लावतो, जसं भांड्यावर नाव घालण्याआधी कागदावर लावून बघतो. पी. ए. वाय. पे.

पे म्हणजे देणे! येणार असतील तर पे कशाला?

"दबाओ!" ते ओरडले. मी म्हणालो, पितरपाठ आहे. आणि फोन ठेवला.

हेतलबेनने साखर घातलेलं पाणी दिलं. हसल्या नाहीत.


१८ सप्टेंबर, गुरुवार

अनिलचं म्हणणं, आता सोड, ब्लॉक कर, विसर. मला विसरता येत नाही. फसवणारा फसवतोय हे कळलं. पण फोटोतली बंदूक कुणाची तरी आहे ना! दुकानदार म्हणाला तसं — फोटो खरा, बंदूक त्याची नाही. मग कुणाची?

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फोटो मोठा केला. आजवर मी फक्त बंदूक बघत होतो. आज कडा बघितल्या. बंदूक पाटांवर आडवी आहे — दोन पाट जोडून. झेंडूची फुलं. म्हणजे हाही नवमीचाच फोटो! मागे भिंतीशी स्टीलचा हंडा, अर्धाच दिसतो. हंड्याच्या गळ्याखाली ठिपक्यांत नाव.

आणखी मोठा केला. धुरकट झालं, पण एक अक्षर नीट दिसलं. भ.

भ-ची गाठ सुटी आहे. पूर्ण मिटवलेली नाही.

मी तशी घालतो! मुद्दाम. गाठ मिटवायला सुई एका जागी फिरवली, तर पातळ पत्र्याला भोक पडतं. इथल्या बाजारात बाकी सगळे गाठ मिटवतात.

हे अक्षर माझं आहे!

खुर्ची पडली उठताना. हेतलबेन म्हणाल्या, "काय झालं? विंचू?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. दोघांनी मिळून वाचलं. "सौ. भाविका वा. वेखंडे, आटगाव." खाली "म्हसा यात्रा".

आठवलं. म्हशाच्या जत्रेत दरवर्षी हेतलबेन भांड्यांचं दुकान लावतात, मी मशीन घेऊन बाजूला बसतो. नाव घालायचा दर अक्षरावर. एक बाई नवऱ्याशी भांडत होती — त्याचं पूर्ण नाव घाला म्हणून. नवरा म्हणे, "'वा' पुरं." ती म्हणाली, "वा? नुसतं वा? लोक वाचतील वा वा!" रांगेतले सगळे हसले. शेवटी 'वा' आणि टिंब. म्हणून लक्षात राहिलं.

सीमेवरच्या सुभेदारांच्या आजोबांची बंदूक — आटगावात!


१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी त्यांना मेसेज केला. एकदाच वाचून पाठवला.

"फोटोत मागे हंडा आहे. त्यावर कुणाचं नाव आहे?"

मग: "मेरी माताजी का."

"वाचून सांगा."

"शांताबाई जाधव."

मी लिहिलं, "हंड्यावर भाविका आहे. ते नाव मी घातलंय."

शिवी आली. ती इथे लिहीत नाही. 'कुत्र्या'सुद्धा चुकीचं लिहिलं होतं. मग त्यांचा फोटो गेला, नाव गेलं, सगळं गेलं. पण मी आधीच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते.

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन लावून सांगितलं. मग हवालदारांकडे.

"पैसं गेलं का?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

म्हणालो, दुसऱ्या कुणाचे जातील. जाहिरात अजून आहे. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि बाकड्यावर बसलेल्या एकाला सांगितलं, "सरक रे. त्याला बसू दे." तक्रार लिहून घेतली. मी दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त करून मागितली. त्यांनी केली!


२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आईने आबांच्या हाताला धरून पान बाहेर ठेवायला नेलं. कावळा लगेच शिवला. आबा म्हणाले, "भुकेला होता." बऱ्याच दिवसांनी एक पूर्ण वाक्य.


२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. दुकान तुडुंब. दिवसभर नावं. सखूबाई, सोनाली, पुन्हा सखूबाई. मशीन तापतेय.

बंदूक मिळाली नाही म्हणून हात टेकायचे? खरी बंदूक आटगावात आहे. खरा मालक आहे. रविवारी जाणार. विकत मिळणार नाही हे कळतंय, परवाना नाही माझ्याकडे. पण काढता येतो का, निकामी करून मिळते का, कागद कुठला — विचारून तरी येईन. यंदा नाही तर नाही. निदान आबांना सांगता येईल की मी मागे लागलोय.

आणि त्या घरच्यांना सांगायला हवं की त्यांचा फोटो कोण वापरतंय.


२८ सप्टेंबर, रविवार

आटगावला जाऊन आलो. सगळं नीट लिहायचंय.

मुरबाडहून शहापूर एसटीने, तिथून आटगावला रिक्षाने. स्टेशनाबाहेर वेखंड्यांचं घर विचारलं, तर प्रश्न आला, "कुठले? बंदूकवाले का?" म्हणजे लपलेलं काही नाही. तानसाच्या रस्त्याला घर. अंगणात तीच बाई तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "भाविकाताई, मी जत्रेत तुमच्या हंड्यावर नाव घातलं होतं."

ती म्हणाली, "मग? पुसलं का काय?"

फोटो दाखवला. आधी कळेना. मग मागचा हंडा दिसला. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "अगं बाई! हा तर मी दसऱ्याला टाकलेला. सगळ्यांनी लाइक केलं होतं."

वाल्मिक वेखंडे आतून आले. साठीचे असतील, खांदे रुंद, बोलणं मोठं. सगळं ऐकून बायकोला म्हणाले, "घे! अजून टाक फोटो! आता माझापण टाक, कोणतरी मला विकंल."

"तुमाला कोण घेणार? टोकनपण नाय देणार."

पण दोघंही घाबरले होते. भाविकाताईंनी माझ्यासमोर तो फोटो काढून टाकला. वाल्मिककाका म्हणाले, परवाना त्यांच्या नावावर, बंदूक रानडुकरांसाठी, सगळं रीतसर, पण उद्या कुणी फसला आणि पोलीस दारात आले तर काय सांगायचं? मी माझ्या तक्रारीची पोच दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मग चहाऐवजी जेवायलाच बसवलं.

बंदूक त्यांनी कुलपातून काढून दाखवली. माझ्या हातात दिली नाही. मीही मागितली नाही. परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर — जुळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जुळलं!

"नवमीला हिला दोन पाट लागतात," भाविकाताई म्हणाल्या. "एकावर मावत नाय. मग माझी विळी जमिनीवर."

मी विचारलं, कधी विकणार का. काका म्हणाले, "विकायची तर दुकानदारामार्फत, परवानेवाल्याला. तू आधी अर्ज कर, कलेक्टरांनी दिला तर बोलू. पण तुला कशाला रे? तुझ्याकडं डुकरं येतात का दुकानात?"

तेव्हा आबांचं सांगितलं. कुंडलिक हरड, मुरबाडकडचे. बंदूक जमा झाली, परत मिळाली नाही.

काकांचा घास थांबला. "कुंडलिक? लांब कानांचा? टोपी मागं सरकवणारा?"

हो म्हणालो.

"अरे, परत मिळाली नाय कोण बोललं? त्यानं परत घेतलीच नाय! आमी ठाण्याला कलेक्टर कचेरीत नूतनीकरणाला भेटायचो, दरखेपेला. भाकर एकत्र खायचो. शेवटच्या टायमाला मी परवाना वाढवून घेतला, त्यानं रद्द करून घेतला. सही करताना हसत होता म्हातारा. मी बोललो, येडा झाला का? तर बोलतो, वाल्मिक, ही घरात असली का मला झोप नाय. उठून उठून कडी बघतो. पोराटोरांचा हात लागंल, चोर नेईल, दारू भिजंल. आता जाऊन झोपतो."

मीसुद्धा उठून उठून कडी बघतो.

परतीच्या गाडीत डोक्यात एकच. आबांनी स्वतःहून दिली. हसत दिली. मग पाटावर जागा कुणासाठी?


२९ सप्टेंबर, सोमवार

विचारणार होतो. आबा झोपले होते. गाढ.


३० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी ऐन गर्दीत मशीनचा प्लग जळाला. ठिणगी, वास, बायका मागे सरकल्या. हेतलबेन म्हणाल्या, "बस झालं. उद्या सुट्टी घे, ही घरी नेऊन नीट उघडून बघ. दसऱ्याला भाजून घेऊन आलास तर मला पाप." मी म्हणालो, उद्या सगळ्यात जास्त गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "लोक नाव नसलेल्या पातेल्यात पण भात शिजवतात."

मशीन पिशवीत घालून घरी आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवमीला मी घरी असेन. आणि हातात काही नाही. आबांना काय सांगू — शोधली, फसता फसता वाचलो, मिळाली नाही, आणि तुम्हाला ती नकोच होती?

नाही. विचारणार. सरळ विचारणार.


१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आबांनी खाटेवरूनच सांगितलं, कुठलं हत्यार कुठे. आईने मांडलं. विळा, कोयता, कुऱ्हाड, विळी. एकच पाट. मध्ये जागा सुटली. वीतभर.

वीतभर! तिथे बंदूक मावलीच नसती. मी दोन अक्षरांमधलं अंतर केसाएवढं सांभाळतो, आणि ही जागा कधी नीट बघितलीच नाही.

मी म्हणालो, "आबा, ही बंदुकीची जागा ना?"

"बंदूक कसली?" आबा म्हणाले. "तुझं हत्यार कुठाय? दरवर्षी दुकानात ठेवून येतोस. किती नवम्या जागा धरायची रे तुझ्यासाठी?"

पिशवीतून मशीन काढली. बरोबर बसली. आबांनी वाकून कुंकू लावलं — सुईला, आणि जळक्या वायरीलाही.